डॉक्टर, आधी आमचे रुमाल मोजा

कोल्हापुरातले कान-नाक-घसा तज्ज्ञ, आणि त्यांच्याही आधी आम्ही ज्यांच्या दारात जातो ते पेठापेठांतले फॅमिली डॉक्टर, यांना

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं जुनं गिऱ्हाईक आहे. पेशंट म्हणत नाही, कारण पेशंट कधीतरी बरा होतो. शिवाजी उद्यमनगरात एका मशीनशॉपमध्ये इन्स्पेक्शनला एकतीस वर्षं काढली. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, टर्नर त्याचा जॉब करायचा, आणि तो पास की रिजेक्ट हे मी सांगायचो. हातात मायक्रोमीटर, टेबलावर व्हर्निअर, डायल आणि प्लग गेज. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडंतिकडं झाला तरी माल परत. म्हणजे मोजणं हा माझा धंदा आणि शिंकणं हा माझा आजार. धंद्यातलं थोडं आजाराला लावून तुमच्याशी बोलावं म्हणून हे जाहीर पत्र. डॉक्टरकी शिकवायला आलेलो नाही. गेज चुकीचं उचललं जातंय, एवढंच सांगायचंय.

तुमच्या केबिनमध्ये काय होतं ते मला पाठ आहे. "सर्दी कधीपासून? पाणी येतं का घट्ट येतं? कुठली बाजू बंद होते?" मग टॉर्च. मग "हाड जरा वाकडं आहे." (कोल्हापुरात हाड सरळ असलेला माणूस मला अजून भेटायचाय.) मग रक्त तपासायची चिठ्ठी, इओसिनोफिल आणि आयजीई, म्हणजे ऍलर्जीत रक्तात वाढणाऱ्या दोन गोष्टी. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, त्यावर ठळक अक्षरात मोठा आकडा, आणि "ऍलर्जी आहे, धुळीपासून जपा." फाउंड्रीच्या गल्लीत पोट भरणाऱ्या माणसाला धुळीपासून जपा! पाच दिवसांच्या गोळ्या. पुढचा पेशंट आत. तुम्हाला दोष देत नाही, बाहेर जिन्यापर्यंत रांग असते हे मीच बघितलंय, त्या रांगेत मीच बसलेला असतो. पण बावीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही, की बाबा, रात्री झोप लागते का तुला?

न विचारल्यानं काय होतं त्याचा एक नमुना सांगतो.

फेब्रुवारी महिना. ऊसतोड जोरात, तोडलेल्या फडांत पाचट पेटवलेलं, संध्याकाळी सगळ्या शहरावर धुराची झालर. रात्री तीनदा उठलो. नाक दोन्हीकडून बंद, तोंडानं श्वास, घशाला कोरड. सकाळी ड्यूटीला जाताना मेडिकलमधून एक स्वस्तातली सर्दीची गोळी घेतली, झोप आणणाऱ्या जुन्या जातीची. दुपारी एका शाफ्टचा पहिला पीस माझ्याकडं आला. ड्रॉइंगवर व्यास २४.९८ ते २५.०० मिलिमीटर. मायक्रोमीटर ज्यानं हाताळलाय त्याला ठाऊक आहे, की स्लीव्हवर, म्हणजे स्थिर नळीवर, पूर्ण मिलिमीटरच्या रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये अर्ध्याची रेघ असते. ती उघडी पडलीय का नाही हे बघायचं, पडली असेल तर अर्धा मिळवायचा, आणि मग थिंबल, म्हणजे फिरणारी टोपी, वाचायचं. थिंबलवर ४९ होतं. अर्ध्याची रेघ उघडी नव्हती. मला मात्र ती उघडी दिसली. डोळ्यांत पाणी, डोक्यात कापूस, आणि मी लिहिलं २४.९९, ओके. खरं माप होतं २४.४९.

पहिला पीस पास म्हणजे सेटिंग मंजूर. त्या सेटिंगवर रात्रपाळीत दोनशे दहा शाफ्ट निघाले. मोठा असता तर पुन्हा घासता आला असता. बारीक झालेलं लोखंड वाढवता येत नाही, सगळा लॉट भंगारात. मालक जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रजिस्टरला कारण लिहिलं गेलं "इन्स्पेक्टरचा निष्काळजीपणा", आणि त्याखाली सही माझी. नाकाचं नाव त्या रजिस्टरात नाही. तुमच्या केसपेपरवरही नाही, कारण त्या आठवड्यात मी तुमच्याकडं आलोच नव्हतो. सर्दीसाठी कोण रजा टाकतो?

अशी किती भंगारं या शहरात रोज निघत असतील, हिशेब कोण ठेवतं?

हा हिशेब ठेवायची रीत जगात तीस वर्षांपेक्षा जुनी आहे, हे मला रिटायर झाल्यावर कळलं. माझी पुतणी फार्मसी शिकते. दिवाळीत घरी आली होती, माझं सूं-सूं ऐकून म्हणाली, "काका, तुमचं आरक्यूएलक्यू किती येईल हो?" मला वाटलं कुठला तरी नवा व्हायरस. तिनं समजावून सांगितलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एलिझाबेथ ज्युनिपर आणि गॉर्डन गायट या दोघांनी १९९१ साली ही प्रश्नावली तयार केली. नाकाडोळ्यांच्या ऍलर्जीनं माणसाचं जगणं किती बिघडलंय ते मोजणारी. अठ्ठावीस प्रश्न, सात भागांत: कामं, झोप, नाक, डोळे, थकवा-डोकेदुखीसारख्या इतर तक्रारी, रोजच्या अडचणी, आणि मन. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते सहा. शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही, सहा म्हणजे त्रासाची हद्द. विचारायचं फक्त गेल्या सात दिवसांचं. बेरीज करायची, अठ्ठावीसनं भागायचं, झालं.

ती एकेक प्रश्न सांगत होती आणि मी गप्प होत चाललो होतो. चिडचिड होते का? चारचौघांत लाज वाटते का? लक्ष लागत नाही असं होतं का? आणि मग अडचणींच्या भागात आलं: सारखा रुमाल जवळ बाळगावा लागतो, याचा किती त्रास?

स्वयंपाकघरातून आमच्या मंडळी हसल्या. त्यांचं हे माप कधीपासूनचं आहे. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर माझे रुमाल वाळत असतात, आणि त्यांच्या संख्येवरून माझी तब्येत त्या शेजारणीला सांगतात. "आज चारच आहेत, बरे दिसतात." "नऊ झाले गं, रात्री काही खरं नाही." कितीदा मला म्हणाल्या असतील, डॉक्टरांना सांगा नऊ झाले म्हणून. मी कधी सांगितलं नाही. डॉक्टरांना रुमाल काय सांगायचे, हसतील. आणि इथं कॅनडातल्या शास्त्रज्ञ बाईंनी तोच रुमाल छापील कागदावर घेतलेला.

त्याहून मला आवडला तो कामांचा भाग. त्यात तयार यादी तुमच्या गळ्यात मारत नाहीत. तुमच्या आयुष्यातली तीन कामं तुम्हीच निवडायची, जी तुम्ही वरचेवर करता आणि जी या नाकापायी नीट होत नाहीत. मग दर वेळी त्याच तीन कामांना नंबर द्यायचा. माझी तीन मी लगेच सांगितली. एक, नजर लावून मोजमाप, कारण रिटायर झालो तरी अजून दोन शॉपवाले गेज तपासायला बोलावतात. दोन, जोतिबा. माघातल्या रविवारी खेटे घालायला पहाटे चालत जायचं, कुशिऱ्याच्या पुढं डोंगर चढायचा. बंद नाकानं चढता येत नाही, आणि वर पोचलं की गुलाल. सहा वर्षं चुकलीत. "चांगभलं" म्हणायला तोंड उघडलं की शिंक. तिसरं, रात्री गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध. तुम्ही म्हणाल हे काय काम झालं. दूध पिता येतंच हो, पण त्याचा वास येत नाही. म्हशीच्या कासेखालून थेट पेल्यात आलेलं दूध आणि पिशवीतलं दूध मला सारखंच लागतं. कोल्हापूरच्या माणसाची यापेक्षा वाईट अवस्था काय असेल!

माझी बेरीज आली अठ्ठ्याण्णव. सरासरी साडेतीन.

पुढचं ऐका, कारण पत्र मुळात यासाठी लिहितोय. तो आकडा घेऊन मी एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "झोपेला पाच दिलेत? हे आधी का नाही सांगितलं?" रोजचा नाकातला स्टिरॉइडचा फवारा सुरू केला. तो कसा मारायचा तेही दाखवलं: मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या अंगाला, कानाच्या दिशेनं. पहिल्या दिवशी गुण आला नाही म्हणून सोडायचा नाही, हेही बजावलं. याआधी मला फवारा मिळाला नव्हता असं नाही, तीनदा मिळाला होता. तिन्ही वेळा मी चौथ्या दिवशी कपाटात टाकला, कारण फरक पडतोय का नाही हे मला मोजताच येत नव्हतं. या वेळी दर रविवारी कागद भरत गेलो. सहा आठवड्यांनी बेरीज पन्नास, सरासरी पावणेदोनच्या जरा वर.

या मापात अर्ध्या गुणाचा फरक पडला, तर माणसाला स्वतःला जाणवण्याइतका बदल झाला असं धरतात. अर्धा! त्या अर्ध्याशी माझं जुनं वैर तुम्हाला आता माहीत आहे. इथं तर पावणेदोनाच्या आसपास उतरलं होतं. आयजीई मात्र पुन्हा तपासला तेव्हा होता तिथंच. म्हणजे रक्ताच्या रिपोर्टावर विश्वासलो असतो, तर फवारा पुन्हा कपाटात गेला असता. आयजीई निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. कशाची ऍलर्जी आहे ते शोधायला, ऍलर्जीच्या लसीचा विचार करायला आयजीईचीच त्या त्या गोष्टीसाठीची वेगळी तपासणी, नाहीतर कातडीवर टोचून करायची चाचणी, लागतेच. पण प्लग गेजनं भोक तपासतात, लांबी नाही.

आणखी एक गोष्ट त्या कागदानं उघडी पाडली. सगळे भाग उतरले, डोळ्यांचा उतरला नाही. आधी तीन, नंतरही तीन. मी तोंडी "बरंय आता" एवढंच सांगितलं असतं. आकडे समोर होते म्हणून डॉक्टरांनी डोळ्यांसाठी वेगळे थेंब दिले. चार मिनिटांचं काम.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडं अठ्ठावीस प्रश्नांना वेळ कुठंय. मान्य. त्याच बाईंची १४ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. त्यांच्यावर हक्क राखीव आहेत, रीतसर परवानगी घेऊन वापराव्या लागतात, हेही कबूल. मग निदान एवढं करा. एआरआयए नावाची नाकाच्या ऍलर्जीवरची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, जागतिक आरोग्य संघटनेबरोबरच्या १९९९ सालच्या बैठकीतून आलेली, ती तुम्ही शिकलेलीच आहेत. त्यांत आजार सौम्य का मध्यम-तीव्र हे शिंका मोजून ठरवत नाहीत. झोप मोडते का, रोजची कामं-खेळ अडतात का, शाळा-नोकरीत खोळंबा होतो का, लक्षणं सोसवेनाशी आहेत का. चारातलं एक जरी "हो" आलं, तरी तो पेशंट सौम्य राहत नाही. हे चार प्रश्न तोंडी विचारायला अर्धा मिनिट लागतो. बावीस वर्षं माझ्या केसपेपरवर "साधी सर्दी" होती. चारी उत्तरं "हो" होती.

आणि दुसरं त्याहून सोपं. दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ. डाव्या टोकाला "काहीच त्रास नाही", उजव्या टोकाला "यापेक्षा जास्त त्रास असूच शकत नाही". पेशंटनं गेल्या आठवड्यासाठी एक खूण करायची, तुम्ही डावीकडून पट्टी लावून मोजायचं. पाचच्या पुढं खूण गेली, तर आजार ताब्यात नाही असं धरून औषधाचा फेरविचार. या रेघेला परवानगी लागत नाही, खिशातली सहा इंची पट्टी पुरते.

एकदा मोजून मात्र भागायचं नाही. आपल्या गावचं नाक ऋतूप्रमाणं बदलतं. जुलै-ऑगस्टात भिंतींना ओल, वाकळीला कुबट वास, पंचगंगेचं पाणी घरात शिरलेल्या गल्ल्यांत तर पुढं कित्येक महिने बुरशी. हिवाळ्यात गुऱ्हाळं, पाचट, फाउंड्रीची वाळू. यातलं सगळंच ऍलर्जी नव्हे, काही नुसता धूर आणि धूळ, सुजलेल्या नाकाला आणखी खवळवणारी, हे तुम्ही मला समजावाल, आणि बरोबर आहे. पण प्रश्नावली आठवड्याचं विचारते. मे महिन्यात मोजलेला माणूस जानेवारीत तोच नसतो.

मापात खोट नाही असंही नाही. आपल्याकडची माणसं नंबर द्यायला लाजतात. तालमीतल्या पैलवानाला "सर्दीनं तू किती हैराण आहेस" विचारा, तो शून्याला गोल करून दंड थोपटेल. दुसरा कोणी पहिल्या प्रश्नापासून सगळीकडं सहा लिहील. म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवू नका, त्याचाच आधीचा आणि नंतरचा ठेवा. आणि शब्द आमचे वापरा. आमच्याकडं "थकवा" म्हटलं की लोक साखर तपासून येतात. "अंगात कस नाही", "डोकं जड", "कशात लक्ष लागत नाही" असं विचारा, मग बघा कसे बोलायला लागतात. शिंकेचा अपशकुन हा तर कॅनडात कुणाला सुचणारच नाही असा प्रश्न आहे. भाच्याच्या घराची चौकट बसवताना मला तिघांनी हातानं मागं सारलं होतं, "दाजी, तुम्ही जरा तिकडं उभे राहा." सगळे हसले, मीही हसलो. आरक्यूएलक्यूच्या लाजेच्या प्रश्नाला मी सहा लिहिलेत ते त्या चौकटीसाठी.

पोरांचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातल्या बालरोगतज्ज्ञांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी २३ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, म्हणजे पोरांना स्वतःलाच विचारायचं, आईला नाही. इंग्लंडमध्ये १५ ते १७ वयाच्या सुमारे १,८०० मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. परागकणांच्या दिवसांत परीक्षेला ज्यांना त्रास होता, त्यांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता जास्त दिसली, आणि झोप आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची त्याहूनही जास्त. आपली दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. फेब्रुवारीत मी काय घेऊन काय वाचलं ते वर लिहिलंच आहे.

गोळ्यांवरून आठवलं. सर्दीच्या जोडगोळीत जे मॉन्टेल्युकास्ट असतं, त्याच्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: मनावर, झोपेवर परिणाम होऊ शकतो, आणि नुसत्या नाकाच्या ऍलर्जीसाठी ते इतर औषधांनी भागत नसेल तरच द्यावं. पुतणीनं हे सांगितल्यावर माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. औषध सुरू करण्याआधी झोप कशी होती, चिडचिड किती होती, हे कुठंच लिहिलेलं नसेल, तर पुढं ती बिघडली तेव्हा नाकानं बिघडली का गोळीनं, हे ठरवणार कसं? मशीनिंगच्या आधीचं माप नसेल तर दोष कास्टिंगचा का टर्नरचा, यावर भांडण अटळ.

गंमत बघा, या आजाराची पहिली नीट नोंद इंग्लंडातल्या एका डॉक्टरनं केली, जॉन बोस्टॉक त्याचं नाव, साल १८१९. दर उन्हाळ्यात डोळे कसे चुरचुरतात, शिंका कशा येतात, किती गळून जायला होतं, सगळं बारकाईनं लिहिलेलं. तो पेशंट तो स्वतःच होता. रक्ताची तपासणी नाही, काही नाही. नुसतं कसं वाटतं ते लिहिलं, आणि दोनशे वर्षांनी ते वाचताना माझी मान डोलते.

तर मागणी एवढीच. पहिल्या भेटीला ते चार प्रश्न आणि एक रेघ, औषधाआधी. महिना-दीड महिन्यानं परत तेच. आकडा केसपेपरवर, आयजीईच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात. तुम्हाला वेळ नसेल तर बाहेर बसलेल्या ताईंकडं कागद द्या, रांगेत आम्ही तासभर मोबाईलच बघत असतो, भरू की.

कागदाची अडचण नको म्हणून माझ्या खर्चानं पाचशे प्रती काढायला टाकल्यात. वर रेघ, खाली चार प्रश्न, आमच्या मराठीत, आणि कोपऱ्यात "दिवसाला रुमाल किती?" हा आमच्या मंडळींचा प्रश्न. थोडा उशीर होईल. पहिल्या पाचशे तयार होऊन आल्या होत्या, पट्टी लावून बघितली तर झेरॉक्सवाल्यानं कागदात बसावी म्हणून दाबलेली, रेघ ९.७ सेंटिमीटर भरली. लॉट परत पाठवलाय.

आपला,
उद्यमनगरातला एक रिटायर इन्स्पेक्टर
(आज रुमाल: तीन)